कौल, भरती आणि तर्क: कुठल्या प्रश्नाला कुठलं प्रमाण

तळकोकणात एखाद्या ग्रामदेवतेच्या देवळात कौल लागतो, म्हणजे देवाकडे हो की नाही असं उत्तर मागतात, तेव्हा समोर येणारे प्रश्न साधारण असे असतात. जत्रा कुठल्या दिवशी धरायची? घरामागच्या परड्यात विहीर खणली तर पाणी लागेल का? मुंबईच्या मुलाचं लग्न यंदा जमेल का? आईला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, करू की नको? गुरव चारही प्रश्न एकाच सुरात देवापुढे मांडतो, भोवतालची मंडळी तेवढ्याच जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि देवाला चिकटवलेली पाकळी उजवी नाहीतर डावी पडते.

श्रद्धा आणि बुद्धी यांचा वाद गावात पेटतो तो बहुतेक वेळा हे चार प्रश्न एकाच जातीचे धरल्यामुळे. एक म्हणतो सगळं थोतांड, दुसरा म्हणतो देवाच्या दारी तर्क चालवू नये. गंमत अशी की ज्या परंपरेच्या नावाने हे दोघे भांडतात, तिने भांडणाआधीच एक अट घालून ठेवली आहे: एखादी गोष्ट खरी की खोटी हे विचारण्याआधी, ती कळण्याचं साधन कोणतं ते सांगा. या साधनालाच प्रमाण म्हणतात.

प्रमाणं किती यावर दर्शनांचं, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखांचं, एकमत नाही. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान घालतात, सांख्य शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं किंवा ग्रंथाचं सांगणं घालतात, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, उपमान धरून चार मानतात. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अर्थापत्ती व अनुपलब्धी धरून सहावर जातात. बाकीची यादी विसरली तरी चालेल. आपल्या कामाची तीन आहेत: डोळ्यांना दिसलेलं, त्यावरून बांधलेलं अनुमान, आणि कुणीतरी सांगितलेलं.

यातलं अनुमान नीट समजून घ्यायला किनाऱ्यासारखी शाळा नाही. घड्याळ-मोबाइल नसताना कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढत आले. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या तासाचा. चतुर्थीला 4 गुणिले 3 म्हणजे 12, भागिले 4 म्हणजे 3: तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साडेबारा तासांच्या आतबाहेर दुसरी. अष्टमीला सहा.

न्यायदर्शन अनुमान पाच पायऱ्यांत मांडायला सांगतं, म्हणजे फट कुठे आहे ते समोरच्याला बोट ठेवून दाखवता येतं. प्रतिज्ञा: आज सहाच्या सुमारास भरती पूर्ण असेल. हेतू: कारण आज अष्टमी आहे. उदाहरण: ज्या ज्या अष्टमीला पाहिलं तेव्हा सहाच्या सुमारासच होती, जशी मागच्या पंधरवड्यात. उपनय: आजची अष्टमी तशीच आहे. निगमन: म्हणून आज सहाला. सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे. ‘जिथे हे तिथे ते’ या न तुटणाऱ्या संबंधाला व्याप्ती म्हणतात, आणि अनुमान फसतं ते जवळजवळ नेहमी व्याप्तीतच फसतं.

भरतीची व्याप्ती पक्की का? कारण तिच्यामागे कारण सापडतं. चंद्राच्या ओढीने भरती येते, आणि चंद्र सूर्याच्या मानाने दर तिथीला सरासरी 48 मिनिटं मागे पडतो. कोळ्यांचा हिशोब 45 मिनिटं धरतो. तिथीमागे तीन मिनिटांची ही चूक साठत साठत पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होते, म्हणून पंधराव्या तिथीला हिशोब सव्वाअकरा सांगतो तेव्हा मुरलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मनातल्या मनात पुढचं धरतो. खाडीत आत भरती उशिरा पोचते, तिथे किनाऱ्यावरचा आकडा चालत नाही. ‘नियम खरा, पण अमुक अट असेल तरच’ असं जेव्हा निघतं तेव्हा त्या दडलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण धुराचं आहे. धूर दिसला की विस्तव असतो, पण विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही, लाल तापलेल्या लोखंडाला धूर नसतो. धुरासाठी ओलं जळण लागतं, ती उपाधी.

याच रीतीने ‘अष्टमीला डोलीत मासळी कमी लागते’ हा समजही तपासता येतो. डोल जाळं उभं असतं, पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरते. अष्टमी-नवमीला भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून ओढही कमी. समज खरा निघाला आणि कारणही सापडलं. जुनं म्हणून खोटं ठरवणंही व्याप्ती न तपासण्याचाच प्रकार आहे.

आता दुसरी बाजू. साप चावला, मांत्रिकाने पाणी मारलं, माणूस उठून बसला. व्याप्ती मांडा: जिथे मंत्र तिथे विष उतरतं. ती तपासायला चार खाने लागतात: मंत्र केला आणि वाचला, मंत्र केला आणि गेला, मंत्र नाही आणि वाचला, मंत्र नाही आणि गेला. गावात गोष्टी फक्त पहिल्या खान्यातल्या फिरतात. तिसरा खाना मोजला की चित्र पालटतं. धामण, दिवड, कवड्या बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. म्हणजे काहीही न करता वाचणारे पुष्कळ. त्यांच्यात मांत्रिकाकडे गेलेलेही असणारच, आणि श्रेय मंत्राला मिळणारच. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ म्हणतात, शास्त्रात काकतालीय न्याय.

दुसऱ्या खान्यातली माणसं मात्र खरी मरतात. फुरसं किंवा घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, त्याला प्रतिविषाचं इंजेक्शन लागतं, आणि मांत्रिकाच्या अंगणात गेलेला प्रत्येक तास वाचण्याच्या वेळेतून वजा होतो. लाल विंचवाचंही तसंच. बऱ्याच दंशांत नुसती ठणक असते, ती आपोआप उतरते, म्हणून उतरवणाऱ्यांचं नाव होत राहिलं. पण काहींना, विशेषतः मुलांना, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी नेमके हे रुग्ण वेगळे ओळखून त्यांची नोंद ठेवली आणि 1980 च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांच्यावर वापरून मृत्यू कमी होतात हे दाखवलं. चारही खाने मोजणं म्हणतात ते हे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. मंत्र म्हणत म्हणत रिक्षात घालून दवाखान्यात नेणं गुन्हा नाही, आणि तर्काचीही त्याला हरकत नाही.

नवसाचं गणितही याच जागी अडतं. नवस फेडायला देवळात येतात ते फक्त ज्यांना पावला ते. ज्यांचं काम झालं नाही ते नारळ घेऊन ‘नाही पावला’ सांगायला येत नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून मोजलं तर शंभरातले शंभर नवस पावलेलेच दिसतील.

शब्दप्रमाणाबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की ते मानलं म्हणजे डोळे मिटून मानायचं. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन आप्त, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विसंबावं असा माणूस, कोण ते सांगतो: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. पुढे तो स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. जात, वेश, पीठ यांचा संबंध नाही. खडपांतून होडी कशी काढायची हे तांडेलाने सांगितलं तर तो आप्त. त्याच तांडेलाने शेअर बाजाराबद्दल सांगितलं तर नाही.

इथे न्यायदर्शनाचीच एक जागा मला कच्ची वाटते. वेद प्रमाण का, याचं न्यायसूत्रांनी दिलेलं उत्तर असं की मंत्र आणि आयुर्वेद जसे प्रमाण ठरतात तसे. सांगणारा पडताळता येणाऱ्या गोष्टींत खरा निघतो, मग न पडताळता येणाऱ्या गोष्टींतही तो विश्वासू धरावा. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, रोजच्या व्यवहारात आपण हेच करतो. पण प्रत्येक बुवाचं दुकानही याच फळीवर उभं असतं. तुमच्या घरात परवा भांडण झालं होतं हे त्याने बरोबर सांगितलं, म्हणून मुलाच्या नोकरीबद्दलही बरोबर सांगेल. परवाचं भांडण त्याला शेजारच्यांकडून कळलं असेल, किंवा भांडण कुठल्या घरात होत नाही? एका विषयातला पडताळा दुसऱ्या विषयात आपोआप जात नाही, आणि वात्स्यायनाची ‘स्वतः जाणली आहे’ ही अट तिथे पुन्हा नव्याने लावावी लागते.

ग्रंथ वाचायचे कसे, हा त्यापुढचा प्रश्न. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण वर काढलं, ही कथा चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानापासून गोव्यापर्यंत सगळ्यांना पाठ. भूगर्भशास्त्र म्हणतं की कोकणाचा बराचसा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि वरचा जांभा त्याची झीज होऊन बनलेला. मग कथा खोटी म्हणायची? की बाण म्हणजे खरं तर भूकंप असं काहीतरी ओढूनताणून बसवायचं? हा दुसरा उद्योग हल्ली फार चालतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यात कथाही जाते आणि शास्त्रही जातं.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे यावर तयार नियम आहे. वेदवाक्यांतली जी वाक्यं काही करायला सांगत नाहीत, नुसतं वर्णन किंवा स्तुती करतात, ती अर्थवाद. त्यांचे तीन प्रकार. प्रत्यक्षाशी विरोध येत असेल तर गुणवाद: ‘यज्ञातला खांब हा सूर्य आहे’ म्हणजे तो सूर्यासारखा झळकतो, एवढंच. दुसऱ्या प्रमाणाने आधीच माहीत असेल तर अनुवाद: ‘अग्नी हे थंडीवरचं औषध आहे’. विरोधही नाही आणि आधी माहीतही नाही, तर भूतार्थवाद, म्हणजे घडलेलं सांगणारं वाक्य. परशुरामाच्या कथेला हीच चाळणी लावली तर ती पहिल्या प्रकारात जाते. ही भूमी कुणाची तरी देणगी आहे, तिच्याशी तसं वागा, हा तिचा रोख. कातळाचं वय सांगणं हे तिचं कामच नव्हतं.

शंकराचार्य तर याहून परखड. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात, शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवाक्यांनी, अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असं सांगितलं तरी ते प्रमाण होणार नाही. जे प्रत्यक्षाने आणि अनुमानाने कळतं तो श्रुतीचा प्रांतच नाही. देवाधर्माच्या नावाखाली हवामान, औषधं आणि इतिहास यांबद्दल ठोकून देणाऱ्यांना हे वाक्य ऐकवून बघावं.

नारळी पौर्णिमेला या चौकटीत जागा कुठे? नारळ अर्पण केल्यावर दर्या शांत होतो, असं कार्यकारण मांडलं तर ते चुकीचं आहे. श्रावणाच्या पुढे नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, म्हणून लाटा उतरतात. पण किनाऱ्यावर मिरवणुकीने नारळ घेऊन जाणारा कोळी असा दावा करत असतो का? तो दर्याला मान देतो, गाऱ्हाणं घालतो, होड्या लोटायचा हंगाम सगळ्यांनी मिळून सुरू करतो. मान देणं खरं किंवा खोटं नसतं, तसं गाऱ्हाणंही नसतं. तिथे प्रमाण मागणाऱ्याने आधी त्यात विधान कुठलं आहे ते दाखवावं.

कौलाचं तसं नाही, तिथे उत्तर मागितलं जातं, म्हणून तो नीट पाहावा लागतो. रीत गावागणिक वेगळी, पण ढाचा असा: पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे देवाच्या मूर्तीवर, पाषाणावर ठरलेल्या जागी दोन्ही अंगांना चिकटवतात, प्रश्न हो किंवा नाही असा बांधून घालतात, आणि कुठल्या अंगाची पाकळी आधी पडते ते पाहतात. उजवी पडली तर होकार. पाकळीचं वजन, ओलावा, समईची धग, दाराकडून येणारा वारा, लावणाऱ्याचं बोट, सगळ्याचा हात त्यात असतो. दोन्ही बाजू समान धरल्या तर लागोपाठ तीनदा उजवा कौल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता आठात एक. म्हणजे वर्षभरात 24 घरांनी तीन-तीनदा कौल लावला, तर सरासरी तीन घरांना ‘तिन्ही वेळा उजवा’ येणारच, आणि पुढची दहा वर्षं बोलणार ती तीन घरं.

असं असलं तरी कौल सरसकट बिनकामाचा म्हणता येत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ही तारीख आधीच कुठे लिहिलेली नाही, ती शोधायची नसून ठरवायची आहे. माणसांनी ठरवली तर कुणाच्या सोयीची यावरून वर्षभर रुसवे. कौलाने ठरली की बोलायला जागा उरत नाही. पर्याय सारखेच चांगले असतील आणि भांडणाची किंमत मोठी असेल, तर निवड अशा तऱ्हेने करणं बुद्धीला धरूनच आहे.

विहिरीचं पाणी मात्र जमिनीत आधीच आहे किंवा नाही. पाकळी पडल्याने ते हलत नाही. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून झिरपून खालच्या चिकण मातीच्या थरावर थांबतं आणि उताराच्या बाजूला निघून जातं. म्हणून आजूबाजूच्या विहिरींना मे महिन्यात किती फुटांवर पाणी असतं, आपलं परडं त्यांच्या वर आहे की खाली, माती किती खोलीवर लागली, हे विचारून घ्यावं. पावसाळ्यात भरलेली विहीर बघून अंदाज बांधणारे एप्रिलात फसतात. चोरी कुणी केली हाही याच जातीचा प्रश्न, आणि तो कौलाला लावला की गावात निरपराध माणूस आयुष्यातून उठतो. ऑपरेशनचं दुखणं वेगळं. तिथे बहुतेकांना मुळात धीर हवा असतो आणि ते कौल मागतात. धीर गाऱ्हाण्याने मिळतो: ‘दुसऱ्या डॉक्टराकडून खात्री केलंव, आता निभावून ने, म्हाराजा’. कौल मागितला तर डावा येण्याची शक्यता निम्मी, आणि मग आई चार महिने कळ काढत बसते.

इथवर बुद्धी सगळीकडे चालली. आता ती थांबते असं जिथे म्हणतात तिथे येऊ. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो, ‘नैषा तर्केण मतिरापनेया’, ही समज तर्काने मिळायची नाही. प्रवचनांत हे वाक्य प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला वापरतात. पण हे ज्याला सांगितलं तो मुलगा प्रश्न विचारून विचारूनच तिथवर आला आहे, आणि त्याच उपनिषदात थोडं पुढे शरीराच्या रथावर सारथी म्हणून बसवली आहे ती बुद्धीच.

तर्क का थांबतो याचं कारण गूढ नाही. अनुमानाला खूण लागते, धुरासारखी. ब्रह्माला रूप नाही म्हणून ते प्रत्यक्षात सापडत नाही, खूण नाही म्हणून अनुमानात सापडत नाही, असं शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात सांगतात. शिवाय बृहदारण्यक विचारतं, जो जाणणारा आहे त्याला कशाने जाणायचं? बघणाऱ्याला बघायची वस्तू करता येत नाही. ही मर्यादा बुद्धीने स्वतःच युक्तिवाद करून आखली आहे, बाहेरून कुणी दटावून नव्हे. ‘तर्काला पाया नाही’ असं ब्रह्मसूत्र म्हणतं तिथे भाष्यात लगेच शंका येते: तर्काला पाया नाही हेही तर्कानेच सिद्ध करताय ना?

म्हणून वेदान्ताची रीत तीन टप्प्यांची: श्रवण, मनन, निदिध्यासन. श्रवणात ग्रंथ नेमकं काय म्हणतो ते ठरवायचं. त्यासाठीच्या सहा खुणांत सुरुवात-शेवटाचा मेळ, पुनरुक्ती यांच्याबरोबर उपपत्ती, म्हणजे युक्तीही आहे. मननात ‘हे शक्यच नाही’ असं वाटायला लावणारे आक्षेप एकेक करून सोडवायचे. निदिध्यासनात जुनी उलटी सवय मोडायची. गफलत होते ती मधला टप्पा गाळून. ऐकलं आणि थेट डोळे मिटून बसलं की जे ऐकलं तेच दिसायला लागतं, आणि मनाचा खेळ कुठला नि बोध कुठला हे ओळखायला हाताशी काही उरत नाही. नुसतं मननच करत राहणारा उलट बाजूला अडकतो, वादात जिंकतो आणि राग मात्र होता तेवढाच राहतो.

अनुभवाचं म्हणाल तर ज्याने तिरफळ खाल्लं नाही त्याला बांगड्याच्या तिखल्यातली ती जिभेवरची झिणझिण युक्तिवादाने पटवता येत नाही. त्यात तर्काचा अपमान काही नाही. पण तिरफळ खाल्लेल्या माणसाने तेवढ्यावर ‘याने मधुमेह जातो’ म्हटलं, तर ते विधान पुन्हा चार खान्यांत येतं. ध्यानात प्रकाश दिसला, हे सांगणाऱ्याशी वाद नाही. त्या प्रकाशाने पुढच्या महिन्यातला पाऊस सांगितला, तर पाऊस मोजायचा.

अनुभव मोठा म्हणावा तर अनुभवी माणसांचंही एकमत नाही. कोकण-गोव्यातल्या सारस्वत घरांत याचा ढळढळीत दाखला आहे. कवळे मठाच्या परंपरेतली घरं अद्वैती, पर्तगाळी मठाच्या परंपरेतली मध्वाचार्यांची द्वैती. भाषा एक, आमटी एक. एका घराच्या दर्शनात जीव आणि ब्रह्म एकच, दुसऱ्याच्या दर्शनात ते कधीही एक होणं शक्य नाही, आणि दोघंही उपनिषदांवरच हात ठेवून सांगतात. ज्ञानेश्वर अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात आपलं म्हणणं मांडताना म्हणतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी ते असंच आहे. म्हणजे नाव मोठं म्हणून वाद मिटवण्याची सोय त्यांनीही ठेवली नाही.

द्वैती आणि अद्वैती पंडितांनीही ती सोय घेतली नाही. व्यासतीर्थांनी न्यायामृतात अद्वैताचा एकेक मुद्दा नव्यन्यायाच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेच्या, काटेकोर परिभाषेत खोडून काढला. मधुसूदन सरस्वतींनी 16 व्या शतकात अद्वैतसिद्धीत त्याला मुद्द्याला मुद्दा उत्तर दिलं. त्यावर रामाचार्यांनी तरंगिणी लिहिली आणि तरंगिणीला ब्रह्मानंदांनी पुन्हा उत्तर लिहिलं. ब्रह्म तर्काच्या पलीकडे आहे, हे मानणाऱ्यांनी तर्काचे हे ढीगभर ग्रंथ लिहिले, आणि मठांतून ते अजून शिकवले जातात.